फावल्या वेळात

निवेदन चार पानांचं झालं होतं. ते सगळ्यांपुढं वाचून दाखवायचं काम सुनेकडं, करिष्माकडं आलं, कारण टाइप तिनंच केलं होतं आणि रामनाथ मढवींना चष्मा लावूनही बारीक अक्षर लागत नव्हतं. रविवार होता. सुट्टी असल्यामुळं घरामागच्या शेडमधले चोवीस लूम गप्प होते. एरवी भिवंडीतल्या कामतघरच्या या घरात सगळे ओरडूनच बोलत. आज हळू बोललं तरी ऐकू जात होतं आणि त्याची कुणाला सवय नव्हती.

पाटावर रामनाथ, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला भागीदार जीवन, समोर मुलगा भाविक. रामनाथची बायको कमळा तांदळाच्या भाकऱ्या थापून पाठवत होती आणि आक्का, रामनाथची बहीण, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढत होती. बुधवारी दिल्लीहून पेन्शनची समिती भिवंडीत येणार होती. ज्यांना आजवर पेन्शनच नव्हती अशा कामगारांना ती कशी द्यायची, याचा मसुदा समितीनं काढला होता आणि गावोगाव सुनावण्या घेत ती फिरत होती. भिवंडीच्या लूमवाल्यांतर्फे निवेदन वाचायचा मान रामनाथला मिळाला होता.

"वाच पुढं," रामनाथ म्हणाले. "आवाज काढून वाच."

करिष्मा तिसऱ्या पानावर होती. पुढचं वाक्य तिला माहीत होतं. शुक्रवारी भाविकनं सांगितलं तसं तिनं ते टाइप केलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ती मुद्दाम सावकाश वाचू लागली.

"'पॉवरलूम हा कुटुंबाच्या आधारानं चालणारा धंदा आहे. कांडी भरणं, सुताच्या गाठी सोडवणं ही कामं घरच्या स्त्रिया फावल्या वेळात करतात. ती नोकरी नव्हे. सबब अशा स्त्रियांना कामगार समजून पेन्शनच्या योजनेत धरू नये.'"

"वा," भाविक म्हणाला. "मुद्दा एकदम क्लिअर."

आक्काच्या हातातला डाव जीवनच्या ताटावर थांबला होता. "परत वाच," ती म्हणाली.

करिष्मानं परत वाचलं.

"कोण भरतं फावल्या वेळात?"

"अगं, सरकारी भाषा हाय ती," रामनाथ म्हणाले. "तसंच लिवाया लागतं."

"मी सकाळी आठला शेडमधी जाते. बाराला जेवाया येते. दीडला परत जाते ती दिवेलागणीला घरी येते. यातला फावला कोणता, तेवढं मना दाखव."

भाविक हसला. "आत्या, तुझ्याबद्दल नाहीये ते. जनरल आहे."

"आपल्या शेडमधी कांडी कोण भरतं रं?"

शेडमध्ये कांडीच्या दोन मशीन होत्या. लूमच्या धोट्यात आडव्या धाग्याची जी कांडी बसते, ती भरून देणारी मशीन. एकीवर बाया येत-जात, टिकत नसत. दुसरीवर सदतीस वर्षं आक्का होती.

"हे बघ आत्या," भाविकनं हात धुतले आणि समजावणीचा सूर लावला. "मसुद्यात काय आहे? साठी ओलांडलेल्या कामगारानं वीस वर्षं काम केल्याचा मालकाचा दाखला आणला की त्याला पेन्शन सुरू. आणि दाखला दिला की मालकानं आपला वाटा एकरकमी भरायचा. आता कांडीवाल्या बायका यात धरल्या तर एकट्या कामतघरात किती निघतील?"

"मी निघेन," आक्का म्हणाली.

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला.

रामनाथनी बहिणीकडं पाहिलं. आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा दिसला. "म्हंजे? तू माझ्याकडं कामाला हायस?"

"मग मी काय करत व्हते इतकी वरसं?"

"घरची हायस तू! घरच्या माणसाला दाखला देतात? उद्या मी कमळाला दाखला देऊ? जीवनला देऊ?"

"जीवनचं नाव पाटीवर हाय. भागीदार हाय तो."

"गणेशपुरीवरून तुना कोण घेऊन आला?" रामनाथचा आवाज आता चढला. "नवऱ्यानं दुसरी आणून बसवली, तवा एसटीनं कोण आला तिथं? तुझी पेटी डोक्यावर कोणी घेतली? भावकी म्हणत व्हती, नांदू दे तिला तिथंच. मी म्हणालो न्हाय. माझी बहीण माझ्या घरान राहील. तुना या घरान काय कमी पडलं, सांग!"

"आणलंस," आक्का म्हणाली. "ते मी कवा इसरले न्हाय. पण दुसऱ्याच दिशी सकाळी कांडी मशीनवर बसवलंस, ते बी सांग ना. चार दिवस रडाया तरी दिलंस का?"

"मन रमावं म्हणून बसवलं!"

"सदतीस वरसं माझं मन रमवलंस?"

आक्कानं जीवनकडं पाहिलं. आई गेली तेव्हा जीवन सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून, शाळेत सोडून मोठं केलं ते तिनं. "जीवन, तू बोल. तू तर रोज शेडमधी असतोस."

जीवननं ताटातला काटा बाजूला काढला. "दादा बघंल काय ते," तो म्हणाला.

आक्कानं डाव कालवणाच्या पातेल्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि जिन्याखालच्या आपल्या खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही. नुसतं लावून घेतलं.

*

सोमवारी ती शेडमध्ये गेली नाही.

साडेदहापर्यंत आदल्या आठवड्याच्या कांड्या पुरल्या. मग एकेक लूम थांबू लागला. दुसऱ्या मशीनवरच्या बाईनं रडकुंडीला येऊन सांगितलं की चोवीस लूमना एकटीनं पुरवणं तिला जमणार नाही. दुपारपर्यंत अर्धे लूम बंद पडले आणि कारागीर बिड्या ओढत बाहेर उभे राहिले. हे सगळं कमळाला स्वयंपाकघरातूनच कळलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं ती शेडच्या आवाजावरून किती लूम चालू आहेत हे सांगू शकत होती.

वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून भांडत होते.

"तूच भरवलंस तिच्या डोक्यात," भाविक म्हणत होता. "मसुदा, दाखला, तिला काय कळतं?"

"विचारलं त्यांनी, मी सांगितलं," करिष्मा म्हणाली. ती पडघ्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होती. "माझ्या पगारातून दर महिन्याला पीएफ कापतात. मालक भरतो त्याचा वाटा. सहा वर्षं झालीत मला फक्त. मी माऊस हलवते म्हणून मी कामगार, आणि त्यांची बोटं सुतानं कापून निघाली तरी त्या घरच्या?"

"तिला काय हवं ते आपण देतोच ना?"

"मागितल्यावर देतो. खोकल्याचं औषध हवं तर आईंना सांगायचं, आई बाबांना सांगणार, बाबांच्या मनात आलं तर आणणार. एकदा माझ्यासमोर चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होत्या. म्हटलं, नवा घ्या ना. म्हणाल्या, दिवाळीला विचारीन. दिवाळीला! एकसष्ट वर्षांच्या बाईनं चष्मा विचारायचा?"

"आणि एकीला दाखला दिला की कामगारांच्या चाळीतले सगळे म्हातारे दारात उभे राहतील, त्याचं काय?"

"राहू देत. त्यांनी काय फुकट कापड विणलं का आपल्याकडं?"

कमळानं गॅस बंद केला. सून बोलत होती ते तिला आवडलं नाही. मुलगा बोलत होता तेही आवडलं नाही. पण सगळ्यात राग तिला आला होता तो नणंदेचा. ती जिन्याखालच्या खोलीत गेली.

आक्का खाटेवर बसून मेथी निवडत होती. म्हणजे घरातलं काम तिनं सोडलं नव्हतं. हे पाहून कमळाला आणखीच राग आला.

"भावाची इज्जत रस्त्यावर आणणार हायस तू?"

"रस्त्यावर न्हाय. सभागृहान."

"हसतेस काय! बुधवारी सगळ्या भिवंडीसमोर ते बोलणार. आणि तू उठून सांगणार, हा मालक मना लुबाडतो?"

"लुबाडतो असं मी बोलले न्हाय, वयनी. मी काम केलं, एवढंच सांगणार."

"मग मी न्हाय केलं? मी कवा मागाया गेले? शेडमागं भिस्सी चालवली मी. अठरा माणसांची खानावळ, दोन येळचं, एकटीनं. परप्रांतातली पोरं, कुणाला भात, कुणाला रोटी. चुलीपुढं पाय सुजायचे माझे. मी बोलले का कवा?"

"न्हाय बोललीस," आक्का म्हणाली. मेथीची जुडी तिनं खाली ठेवली. "का न्हाय बोललीस?"

"घर हाय माझं ते! तुझ्यासारखी..." कमळा थांबली.

"बोल ना. माझ्यासारखी परत आलेली न्हायस. बरोबर हाय. तुझं घर हाय, पोरगा हाय, नातवंडं व्हतील. माझं काय हाय? उद्या भाऊ गेला तर ही खोली बी भाविकची. गोडाऊन बांधाया काढलं तर शेड जाईल, मग मशीन जाईल, मग मी कोण? सांग ना वयनी, मग मी कोण?"

शेडच्या जागी गोडाऊन बांधायचं भाविकनं बोलणं लावलं होतं हे कमळाला ठाऊक होतं. नकाशासुद्धा आला होता. त्यात जिन्याखालची खोली नव्हती.

"ते म्हणतात त्यात काय खोटं हाय?" ती तरीही म्हणाली. "रीतच हाय तशी. घरच्या बाया हातभार लावतातच."

"लॉकडाऊन आठवतो का तुना? सगळे कारागीर पायी निघून गेले गावाला. लूम सुरू झाले तवा सात माणसं परत आली. कांडीवाली एक बी न्हाय. दोन्ही मशीन कोणी चालवल्या? चार महिने. तूच डबा घेऊन शेडमधी यायचीस, कारण मना उठाया येळ न्हवता. घास तू भरवायचीस मना, हात सुतात अडकलेले. त्याला हातभार म्हणतात व्हय?"

कमळा उठली. "बुधवारी मी बी येणार," ती म्हणाली. "तुना काय वेडंवाकडं बोलू देणार न्हाय मी."

"ये की," आक्का म्हणाली.

*

सभागृह लग्नाचं होतं. स्टेजवर मागं कुणाच्या तरी नावांची थर्माकोलची अक्षरं अर्धवट काढलेली होती आणि त्यांच्यापुढं टेबल मांडून समितीचे तिघं बसले होते. मधली बाई पन्नाशीची होती, अध्यक्ष तीच. मराठी नीट बोलत होती. बाजूला एक जण सगळं उतरवून घेत होता.

लूमवाल्यांचे अध्यक्ष मजीदभाई आधी बोलले. वीजबिल, सुताचे भाव, परदेशी कापड. "हम मना नहीं करते, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "पेन्शन मिलनी चाहिए. लेकिन आधा बोझ सरकार उठाए." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रामनाथ उठले आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून घेतलेली चारही पानं वाचली. रविवारनंतर ते वाक्य गाळावं की ठेवावं, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला होता. गाळलं असतं तर बहिणीपुढं हरल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते ठेवलं. वाचताना मात्र त्या वाक्यापाशी त्यांची गती वाढली.

मग कामगारांची पाळी आली. पाचव्या नंबरला आक्का माईकपुढं उभी राहिली.

"नाव?"

"देवकाबाई मढवी."

मागच्या रांगेत बसलेल्या कमळाला क्षणभर वाटलं, ही कोण? हे नाव तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"काम काय करत होता?"

"करत व्हते न्हाय, करते. कांडी भरते. मशीनवर रिकाम्या कांड्या लावायच्या, धागा जोडायचा, भरली की तोडायची, दुसरी लावायची. धागा तुटला की गाठ. दिसाला हजार-बाराशे कांड्या व्हतात. सुताचं तूस उडतं, ते छातीत जातं. मना बारा महिने खोकला हाय." तिनं उजवा हात वर केला. पहिल्या दोन बोटांवर सुतानं पाडलेल्या खाचा माईकच्या पलीकडूनही दिसत होत्या. "सदतीस वरसं झाली."

"पगार किती?"

"पगार न्हाय."

"मग?"

"जेवण. गौरीला लुगडं, दिवाळीला लुगडं. राहाया खोली."

बाईनं लिहिणाऱ्या माणसाकडं पाहिलं. तो लिहीत होता. "मालक कोण तुमचे?"

आक्का वळली आणि तिनं दुसऱ्या रांगेकडं पाहिलं. तिच्याबरोबर सगळं सभागृह वळलं.

रामनाथ उभे राहिले. आपण या बहिणीसाठी भावकीशी भांडलो, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत होती. एसटीत तिला खिडकीशी बसवलं होतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि भिवंडीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिच्यासाठी आपण जे केलं ते कुठल्या भावानं केलं असतं? आणि आज तिनं चारशे माणसांसमोर आपल्याकडं बघावं, एखाद्या चोराकडं बघावं तसं?

"बहीण हाय ती माझी, मॅडम," ते म्हणाले.

"ते नातं झालं. तुमच्याकडं कामाला आहेत का?"

"घरची हाय. घरचे हातभार लावतातच."

"रोज आठ-दहा तास?"

"मी काय घड्याळ लावून बसत न्हाय तिच्यापुढं."

कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. "आत्ताच तुम्ही वाचलंत, फावल्या वेळात. मी सरळ विचारते, सरळ सांगा. देवकाबाई तुमच्या कारखान्यात कामाला आहेत की नाहीत?"

रामनाथनी एकदा मजीदभाईंकडं पाहिलं. मजीदभाई आपल्या चपलांकडं पाहत होते.

"न्हाय," रामनाथ म्हणाले.

आक्का माईकपुढं तशीच उभी होती. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही, तिनं फक्त डोक्यावरचा पदर सरळ केला.

कमळा उठली कधी हे तिचं तिलाही कळलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत उलट उत्तर दिलं नव्हतं. इथं ती आली होती नणंदेला आवरायला. पण ते 'न्हाय' तिच्या कानांवर पडलं आणि तिला लॉकडाऊनमधली शेड दिसली. दोन मशीनच्या मध्ये उभी असलेली, तोंड उघडून घास मागणारी आक्का दिसली. हा माणूस तेव्हा दारात खुर्ची टाकून बसलेला असायचा. रोज बघायचा.

"खोटं बोलतात हे!" ती ओरडली.

लोक मागं वळले. कमळा खुर्च्या सरकवत पुढं आली. माईक तिनं घेतला नाही. तिला गरज नव्हती, तिनं आयुष्यभर लूमच्या आवाजावर मात करून बोलायची सवय केली होती.

"मी बघितलंय. भाविकच्या वेळंला मी बाळंत झाले, तवा ही दिवसा कांड्या भरायची आणि संध्याकाळी माझं पोर घ्यायची. ताप असला तरी जायची. एक दिवस न्हाय गेली सोमवारी, तर बारा लूम बंद पडले. फावल्या येळचं काम असतं तर बंद पडले असते? लिवा, लिवा हे. काम करत व्हती, आन् अजून करते."

"कमळे," रामनाथ म्हणाले. "खाली बस."

"बसते. आधी बोलू द्या."

अध्यक्षबाईनं हात वर करून सभागृह शांत केलं. "तुम्ही कोण?"

"यांची बायको."

"नाव?"

"कमळा रामनाथ मढवी."

"तुम्हीसुद्धा कारखान्यात काम करता?"

"न्हाय, न्हाय. मी घरीच." कमळा सहज म्हणाली. "मी नुसती भिस्सी चालवायची."

"कुणाची?"

"कामगारांची. शेडमागं. अठरा माणसं दोन येळ जेवायची."

"जेवणाचे पैसे कामगार देत होते?"

"पगारातून कापून घ्यायचे ना हे."

"आणि स्वयंपाक?"

"मीच करायची."

"मदतीला कोण?"

"कोण असणार?"

"तुम्हाला काय मिळायचं त्याचं?"

"मना?" कमळा म्हणाली. "मना कशाला..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी राहिली. परवा जिन्याखालच्या खोलीत 'का न्हाय बोललीस' असं आक्कानं विचारलं होतं, आणि तेव्हा तिला तो टोमणा वाटला होता. पैसे कापले जायचे. म्हणजे कुणीतरी घ्यायचं. अठरा माणसांचे, महिन्याच्या महिन्याला. ती चुलीपुढं होती आणि तिनं ते पैसे कधी पाहिलेसुद्धा नव्हते.

बाईनं शेजारच्या माणसाला खूण केली. त्यानं नवा कागद घेतला. "कमळाताई, खुर्ची घ्या," बाई म्हणाली. "सावकाश सांगा. पहिल्यापासून."

शिपायानं खुर्ची आणली. कमळा बसली. आक्का तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

*

दोघी रिक्षानं घरी आल्या. रामनाथ आधीच पोचले होते आणि ओटीवर बसले होते. भाविक फेऱ्या मारत होता. "संघटनेच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय," तो आईला म्हणाला. "तुझा. मालकाची बायको मालकाला खोटं पाडते. लोक हसतायत आपल्याला."

"हसू दे," कमळा म्हणाली. "तुझा बाप खोटं बोलला तवा तुना हसू न्हाय आलं का?"

भाविकच्या फेऱ्या थांबल्या. आई आपल्याशी असं कधी बोलली नव्हती.

सहा वाजता करिष्मा कामावरून आली. व्हिडिओ तिनंही पाहिला होता, आणि येताना ऑफिसातून दोन कागद छापून आणले होते. एक तिनं सासऱ्यांपुढं ठेवला. देवकाबाई मढवी या आमच्या कारखान्यात सदतीस वर्षं कांडी कामगार म्हणून काम करीत आहेत, असं त्यावर होतं. खाली सहीची जागा.

"कारखान्याची मालकी बाबांची एकट्याची नाही," भाविक घाईनं म्हणाला. "काका, तुम्ही सांगा यांना."

जीवन जिन्याच्या पायरीवर बसला होता. सुनावणीला तोही मागं उभा होता, हे कुणाला माहीत नव्हतं. तो उठला, कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या भिंतीवर कागद टेकवून सही केली. "रविवारी बोलाया पायजे व्हतं मी," तो आक्काकडं न बघता म्हणाला. "तोंड न्हाय उघडलं माझं. आता एवढं तरी."

"मसुद्याचं पुढं काय होईल ते दिल्लीला ठरणार," करिष्मा म्हणाली. "होईल, नाही होईल. पण हा कागद आत्यांकडं राहील."

रामनाथनी कागद ओढून घेतला. बराच वेळ ते 'कांडी कामगार' या दोन शब्दांकडं बघत राहिले. "उपकाराची हीच फेड," ते म्हणाले.

"फेड न्हाय, दादा," आक्का म्हणाली. "उपकार येगळा, काम येगळं. उपकाराचे पाय धरते मी तुझे. कामाची सही दे."

त्यांनी सही केली. इतकी दाबून, की रेघ कागदाच्या मागं उमटली.

मग त्यांचं लक्ष दुसऱ्या कागदाकडं गेलं. वरचं नाव वाचलं आणि त्यांनी तो टेबलावर टाकला. "हे न्हाय व्हणार. बायकोला दाखला देणारा मी काय येडा हाय? गाव थुंकेल तोंडावर."

"नका देऊ," कमळा म्हणाली. ती दारात उभी होती, आत गेली नव्हती. चुलीवर अजून काही चढलं नव्हतं आणि तिला त्याची घाईही दिसत नव्हती. "समितीची दुसरी सुनावणी ठाण्याला हाय. सतरा तारखेला. बाईंनी बोलावलंय. आम्ही दोघी जाणार हाव. तिथं बी विचारतील, नवऱ्यानं काय लिवून दिलं. मी सांगेन काय ते."

"धमकी देतेस मना?"

"न्हाय. तारीख सांगते."

रामनाथनी भावाकडं पाहिलं. जीवननं नजर हलवली नाही. भाविक आत निघून गेला होता. ओटीवर आता त्यांच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा उचलला, चष्मा नाकावर बसवला आणि डोळ्यांजवळ धरला.

"वर्षं न्हाय टाकलीस यात," ते सुनेला म्हणाले.

"मला माहीत नव्हती," करिष्मा म्हणाली. "जागा मोकळी ठेवलीय."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पेन त्या जागेवर नेलं आणि ते अडकले, कारण त्यांनाही माहीत नव्हती. कधी मोजायची वेळच आली नव्हती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती लिवू?"

"बावीस," कमळा म्हणाली. "आन् बाळंतपणाचे दिवस त्यातून कापू नका. बाराव्या दिशी मी चुलीपुढं व्हते."